शांत बसायला शिकताना: बेळगाव आणि सीमाभागात ध्यानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीत आम्ही काही जण दर रविवारी सकाळी तासभर एकत्र बसतो. त्यात शहापूर-वडगावचे विणकर असतात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळ्या करणारे कामगार असतात, निवृत्त शिक्षक आणि पीयूसीची (म्हणजे अकरावी-बारावीची) मुले असतात, आणि अधूनमधून खानापूर किंवा निपाणीहून आलेले पाहुणेही असतात. पहिल्यांदा येणाऱ्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. मोक्ष, सिद्धी आणि कुंडलिनी हे विषय येथे घेतलेले नाहीत. दिवसभराच्या कामानंतर अंग सैल व्हावे आणि मनाची घालमेल थोडी कमी व्हावी, एवढ्याच मर्यादित हेतूने हे लेखन केले आहे.

ध्यान म्हणजे नेमके काय करायचे असते?

मन एका ठरलेल्या गोष्टीवर ठेवायचे, ते तिथून सुटले की सुटल्याचे ओळखायचे आणि पुन्हा त्याच गोष्टीवर आणायचे. ही गोष्ट श्वास असू शकते, नाम असू शकते, समईची ज्योत किंवा पावलांची हालचालही असू शकते. 'ध्यान' हा शब्द मराठीत फार सैल वापरला जातो. 'हे ध्यानात ठेव' यात तो आठवणीचा अर्थ घेतो, 'ध्यानीमनी नसताना' यात कल्पनेचा, आणि 'काय ध्यान आहे!' असे कोणी म्हटले तर त्यात कौतुक नसते. नवशिक्यांचा पुष्कळसा गोंधळ या सैलपणातून होतो. पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत धारणा, म्हणजे मन एका जागी धरणे, सहावी, ध्यान सातवे आणि समाधी आठवी आहे. काटेकोरपणे बोलायचे तर आपण रविवारी जे करतो ती बहुतांशी धारणाच असते. तरीही लोक तिला ध्यान म्हणतात आणि येथेही तोच शब्द ठेवला आहे.

मला ध्यान जमत नाही. डोळे मिटले की डोक्यात शनिवारचा बाजार भरतो. हा दोष माझाच आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. बाजार डोळे मिटल्यावर भरत नाही. तो दिवसभर भरलेलाच असतो आणि आपण त्यात व्यवहार करत असल्यामुळे त्याचा गलबला आपल्याला जाणवत नाही. डोळे मिटून बसल्यावर हातातले काम थांबते आणि मग तोच गलबला ऐकू येऊ लागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 'माझे मन पूर्वीपेक्षा जास्त भटकते' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

नवशिका साधारणपणे असे समजतो की विचार न येणे हे यश आणि विचार येणे हे अपयश. ही समजूत ठेवून बसणारा माणूस दुसऱ्याच मिनिटाला विचारांशी झगडू लागतो, आणि झगडा करणारे मन शांत कसे होणार? सरावाचा खरा क्षण वेगळा आहे. श्वास मोजता मोजता आपण नकळत थकलेल्या हप्त्यापाशी पोहोचतो, तिथून मेहुण्याच्या बोलण्यापाशी, तिथून दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या भांडणापाशी. आणि मग एकाएकी लक्षात येते की आपण श्वास सोडून भलतीकडेच गेलो आहोत. हे लक्षात येणे आणि चरफड न करता परत येणे, हाच सराव. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा गेले आणि चाळीस वेळा परत आणले, तर चाळीस वेळा सराव झाला. शेतातले जनावर बांधावरून शेजारच्या पिकात शिरले की त्याला वळवून आणतात. शहाणा राखणदार दर वेळी काठी उगारत नाही, कारण घाबरलेले जनावर आणखी लांब पळते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही हीच तक्रार केली आहे की मन चंचल आहे आणि त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. श्रीकृष्णांनी ती तक्रार खोटी ठरवली नाही. मन चंचल आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला. वैराग्याचे सोडून देऊ, अभ्यास मात्र आपल्या हातात आहे. मी स्वतः पहिल्या महिन्यात न चुकता दहा श्वास एकदाही मोजू शकलो नव्हतो.

अगदी पहिल्या दिवशी काय करावे, ते क्रमाने सांगाल का?

दहा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि घरातल्यांना तसे सांगून ठेवावे. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावावा, त्याचा सूर मंद ठेवावा आणि फोन हाताच्या टप्प्यात न ठेवता पालथा ठेवावा. चटईवर उशी किंवा घडी केलेले घोंगडे घेऊन अशा रीतीने बसावे की कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहील; तसे केले की पाठ आपोआप सरळ होते आणि ताठ राहण्यासाठी जोर लावावा लागत नाही. हात मांडीवर सहज ठेवावेत. डोळे मिटावेत, आणि मिटल्यावर अस्वस्थ वाटत असेल तर अर्धवट उघडे ठेवून समोरच्या फरशीकडे पाहावे.

सुरुवातीला दोन-तीन खोल श्वास घेऊन सोडावेत, आणि सोडताना खांदे, जबडा आणि कपाळ सैल होऊ द्यावे. बहुतेकांचे दात दिवसभर एकमेकांवर घट्ट आवळलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यानंतर श्वासाला त्याच्या गतीने जाऊ द्यावे आणि तो शरीरात कुठे स्पष्ट जाणवतो ते पाहावे. कोणाला तो नाकपुडीशी थंड-उबदार जाणवतो, कोणाला छातीत, कोणाला पोटाच्या वर-खाली होण्यात. जिथे जाणवेल ती एक जागा निवडावी आणि पूर्ण वेळ तिथेच राहावे. श्वास बाहेर जाताना मनात 'एक' म्हणावे, पुढचा बाहेर जाताना 'दोन', असे दहापर्यंत जावे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी. मध्येच आकडा हरवला, किंवा भानावर आल्यावर आपण सतराव्या आकड्यावर आहोत असे दिसले, तरी काहीही बिघडलेले नसते. पुन्हा एकवर यावे.

गजर झाल्यावर ताडकन उठू नये. बोटे हलवावीत, डोळे उघडावेत, खोलीतले दोन-तीन आवाज ऐकावेत आणि मग उठावे. पहिल्या दिवशी इतकेच पुरे. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर बसणारे साधक दुसऱ्या रविवारी सहसा दिसत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही. खुर्ची चालेल का?

निःशंक चालेल. दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशा उंचीची साधी खुर्ची घ्यावी आणि शक्य तेवढे पाठीला न टेकता बसावे. पद्मासन हे ध्यानाचे तिकीट नव्हे. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या भगिनींचा प्रश्न याहून वेगळा असतो. सूप मांडीवर घेऊन वाकून त्यांचा सगळा दिवस बसण्यातच जातो आणि संध्याकाळी त्यांच्या कमरेला नि मानेला आणखी बसणे नको असते. त्यांनी उताणे पडून किंवा चालत सराव करावा. अंगणात किंवा गच्चीवर दहा-पंधरा पावलांचे अंतर ठरवून सावकाश जावे-यावे आणि टाच टेकली, तळवा टेकला, पाऊल उचलले, एवढ्याकडेच लक्ष ठेवावे. चालण्याचे ध्यान बसण्याच्या ध्यानाइतकेच पूर्ण आहे. पायाला मुंग्या आल्या तर पाय सरळ करावा. सहन करत बसण्यात पुण्य नाही.

श्वासाकडे लक्ष दिले की गुदमरल्यासारखे होते. काय करावे?

लक्ष देता देता आपण नकळत श्वासाला चालवू लागतो, म्हणून असे होते. अशा वेळी श्वास सोडून द्यावा आणि तळहातांचा स्पर्श, बैठकीचा भार किंवा बाहेरचा आवाज यांपैकी एखादे लक्ष्य घ्यावे. दमा किंवा घाबरेपणाचे झटके असणाऱ्यांना हा पर्याय सुरुवातीपासूनच बरा पडतो.

नुसते बसल्याने शांतता येते तरी कशी?

आपल्या शरीरात इच्छेविना चालणारी एक मज्जासंस्था आहे आणि तिचे दोन भाग आहेत. संकट दिसले की पहिला भाग हृदयाची गती वाढवतो, स्नायू आवळतो आणि पचन मागे ढकलतो. दुसरा भाग संकट सरल्यावर हे सारे पूर्वपदावर आणतो. अडचण अशी की समोर वाघ असो की वसुलीचा फोन, पहिल्या भागाला दोन्ही सारखेच वाटतात. फोन ठेवल्यावरही आपण तोच संवाद मनात घोळवत राहतो आणि शरीर तासन्‌तास सज्ज अवस्थेत राहते. लक्ष श्वासावर आणल्याने ते घोळवणे तेवढ्यापुरते थांबते आणि दुसऱ्या भागाला आपले काम करता येते.

श्वासाचा तर या संस्थेशी थेट संबंध आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घेतल्यास पुष्कळांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की ठोके मंद राहण्याचा काळ वाढतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर असा श्वास घेतला तर हे प्रमाण मिनिटाला ६ वर येते. दवाखान्याच्या बाकावर, बसच्या रांगेत किंवा कचेरीत आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत असताना पाच मिनिटे हा श्वास घेऊन पाहावा. डोळेही मिटावे लागत नाहीत.

हार्वर्डमधील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात ध्यान करणाऱ्यांवर मोजमापे केली, तेव्हा ध्यानाच्या काळात शरीराचा प्राणवायूचा वापर कमी होतो आणि श्वासाची गती मंदावते असे त्यांना आढळले. ताणाला शरीर जसा ठरलेला प्रतिसाद देते तसाच विश्रांतीचाही एक ठरलेला प्रतिसाद असतो, आणि एखादा शब्द सावकाश पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्याने तो जागा करता येतो, अशी मांडणी त्यांनी केली. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीला या मांडणीत नवे फारसे काही दिसले नसते, हा भाग निराळा.

प्राणायाम, कपालभाती आणि ध्यान एकच आहेत का?

नाहीत. प्राणायामात श्वास मुद्दाम बदलला जातो. ध्यानात तो जसा आहे तसा पाहिला जातो. संथ अनुलोम-विलोम ध्यानाच्या आधी पाच मिनिटे केल्यास बैठक लवकर स्थिरावते. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र शरीराला उत्तेजना देणाऱ्या क्रिया आहेत. शांत होण्यासाठी त्या निवडणे म्हणजे झोप यावी म्हणून कडक चहा पिण्यासारखे आहे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी त्या टाळाव्यात.

बसले की झोप लागते. मग उपयोग काय?

झोप लागते याचा पहिला अर्थ झोप अपुरी आहे असा घ्यावा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने ध्यानाऐवजी झोपावे, हे मी वर्गातही स्पष्ट सांगतो. झोप पुरेशी असूनही डुलकी येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवावेत, जेवणानंतर लगेच बसू नये, आणि तरीही आली तर उभे राहून किंवा चालत सराव करावा.

रात्री झोप येत नाही हीच तक्रार असेल, तर अंथरुणावर पडल्या पडल्या शरीराची फेरी करावी. उजव्या पायाची बोटे पाच सेकंद घट्ट आवळावीत आणि एकदम सैल सोडावीत, मग पोटरी, मग मांडी, आणि असे करत करत चेहऱ्यापर्यंत यावे. स्नायू आधी आवळून मग सोडण्याची ही पद्धत अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली, आणि शवासनात ती सहज मिसळून जाते. पुष्कळ जण कमरेच्या वर पोहोचतच नाहीत. हेतूच झोपेचा असल्याने ते उत्तमच.

आमच्या घरात दोन माग आहेत, गल्लीत दिवसभर खटखट असते. ध्यान कुठे करणार?

वडगाव, खासबाग आणि शहापूर भागातून हा प्रश्न हमखास येतो. आवाज बंद करता येत नसेल तर आवाजालाच लक्ष्य करावे. यंत्रमागाचा आवाज एका लयीत असतो, आणि लयीतला आवाज मनाला बांधून ठेवायला वाईट नसतो; दोन ठोक्यांमधली फट ऐकण्याचा प्रयत्न करावा. त्रास आवाजाने जेवढा होतो त्याहून जास्त 'हा आवाज आत्ता का?' या चिडीने होतो. तीच गोष्ट पहाटेच्या अजानची, देवळातल्या ध्वनिवर्धकाची आणि समोरच्या घरातल्या मिक्सरची. पावसाळ्यात पत्र्यावर पडणारा पाऊस तर फुकटचा सोबती आहे. खानापूरच्या पावसात बसून पाहिल्यावर त्याची खात्री पटेल. मात्र गणपती विसर्जनाच्या रात्री ध्यानाचा हट्ट धरू नये, मिरवणूक पाहायला जावे.

घराबाहेर जागा हवी असेल तर बेळगावचा किल्ला बरा. तेथे रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे आणि १२०४ साली बांधलेली कमल बसदी हे जैन मंदिरही आहे. दोन्ही ठिकाणी तेथील नियम पाळून स्वस्थ बसता येते. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात आले होते आणि रिसालदार गल्लीतल्या ज्या घरात ते प्रथम उतरले, तेथे आज त्यांचे स्मारक आहे. ते घर ऐन गजबजलेल्या वस्तीत आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

कोणती वेळ चांगली? पहाटे उठणे जमत नाही.

जी वेळ रोज मिळेल ती चांगली. पहाट निवडली जाते याचे कारण त्या वेळी फोन येत नाहीत आणि पोट रिकामे असते. पाळ्या बदलणाऱ्यांनी घड्याळाची वेळ न धरता एखाद्या कृतीला सराव जोडावा, उदाहरणार्थ कामावरून येऊन हातपाय धुतल्यावर आणि चहा घेण्याआधी. पाळी बदलली तरी चहा चुकत नाही, त्यामुळे त्याआधीची दहा मिनिटेही चुकत नाहीत.

आम्ही वारकरी आहोत. वर्गात लिंगायत, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती सगळेच असतात. यात धर्माची अडचण येत नाही का?

श्वासाला जात-धर्म नाही, त्यामुळे मूळ सरावात अडचण येत नाही. उलट आपल्या भागातल्या बहुतेक घरांत अशी एखादी पद्धत आधीपासून असते आणि ती ओळखून तिथूनच सुरुवात केली तर सराव लवकर रुळतो. वारकऱ्याने विठ्ठलाचे नाम श्वासाला जोडावे. लिंगायत घरात इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून त्यावर दृष्टी स्थिर करतात. एकाग्रतेचा याहून सोपा पाठ शोधून सापडणार नाही. चिकोडी-निपाणीकडच्या जैन कुटुंबांत सामायिक, म्हणजे ठरावीक वेळ समभावाने शांत बसण्याचा नेम, असते आणि त्याचा काळ ४८ मिनिटांचा, म्हणजे दोन घटकांचा, असतो. मुस्लिम साधकांना जिक्र, म्हणजे अल्लाचे नामस्मरण, परिचयाचे असते, ख्रिस्ती साधकांना जपमाळेची प्रार्थना, आणि बौद्ध साधकांना आनापान हे श्वासावरच्या ध्यानाचे नाव नवे नसते.

आपल्या सीमाभागाची एक परंपरा येथे आवर्जून सांगितली पाहिजे. विजयपूर जिल्ह्यातल्या इंचगेरी गावाच्या नावाने ओळखला जाणारा संप्रदाय नामाच्या ध्यानावर उभा आहे आणि त्यात कन्नड व मराठी या दोन्ही भाषांची भजने म्हटली जातात. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रानडे (१८८६–१९५७) याच परंपरेतले. ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू होते, आणि विद्वत्तेच्या सगळ्या व्यापात त्यांनी नामाचे ध्यान सोडले नाही. त्यांचा आश्रम निंबाळला आहे आणि बेळगावात हिंदवाडीत त्यांच्या नावाचे मंदिर आहे. ध्यान हे परदेशातून मोबाईलवर आलेले खूळ आहे असे समजणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावे.

योगवर्गातल्या सूचना कन्नडमध्ये असतात आणि मला त्या नीट कळत नाहीत. मराठीत वर्ग मिळेल का?

काही ठिकाणी मिळतो. पण जवळचा चांगला वर्ग भाषेपायी सोडू नये, कारण सूचना मोजक्याच असतात आणि दोन दिवसांत अंगवळणी पडतात. 'कण्णु मुच्ची' म्हणजे डोळे मिटा, 'उसिरु' म्हणजे श्वास, 'ओळगे' म्हणजे आत आणि 'होरगे' म्हणजे बाहेर. श्वास सोडा हे सांगताना शिक्षक 'उसिरु बिडी' म्हणतात, आणि निपाणीच्या माणसाला बिडी हा शब्द ऐकून पहिल्या दिवशी हसू आवरत नाही. हसून घ्यावे, तेवढाच उच्छ्वास लांबतो.

किती दिवसांत फरक पडतो? शास्त्रीय पुरावा आहे का?

अंग सैल होणे पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. स्वभावातला फरक, म्हणजे चीड आल्यावर तोंडातून शब्द जाण्याआधी अर्धा क्षण मिळणे, याला वेळ लागतो, आणि बहुधा तो आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी जो सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम सुरू केला तो आठ आठवड्यांचा आहे. आपणही आठ आठवडे रोज बसावे आणि मगच उपयोग होतो की नाही ते ठरवावे.

पुराव्याबाबत अतिशयोक्ती नको. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला आणि त्या चाचण्यांत सुमारे ३,५०० लोक होते. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते, असे त्यात दिसले. मात्र औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचे दिसले नाही. माझ्या मते हा निष्कर्ष निराश करणारा नाही. दहा मिनिटांत, बिनपैशाने, व्यायामाच्या जोडीने थोडी सुधारणा मिळत असेल तर ती घ्यावी.

ध्यान सुरू केल्यावर रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. त्या कमी करायच्या की नाही हे रक्तदाब मोजून डॉक्टर ठरवतील.

बसले की रडू येते, जुन्या गोष्टी वर येतात. हे चांगले लक्षण मानायचे का?

क्वचित कधी डोळे भरून येणे यात काळजीचे काही नाही. दिवसभर दाबून ठेवलेले दुःख निवांतपणा मिळाल्यावर वर येते. परंतु दर वेळी छाती धडधडत असेल, एखादा अपघात किंवा अत्याचार डोळ्यांसमोर पुन्हा घडत असेल, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असे वाटत असेल किंवा झोप उडाली असेल, तर सराव तिथेच थांबवावा. 'मळ निघतो आहे, बसत राहा' असा सल्ला अशा वेळी दिला जातो आणि तो धोकादायक आहे. डोळे उघडावेत, उभे राहावे, तोंडावर पाणी मारावे, कोणाशी तरी बोलावे. पूर्वी मनोविकाराचा मोठा झटका येऊन गेलेल्यांनी लांब मुदतीचे ध्यान आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

मदतीसाठी शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तीत भाषा निवडण्याची सोय आहे. प्रत्यक्ष उपचारांसाठी आपल्या भागाला धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ पडते. जीव नकोसा वाटत असेल तर आधी हा फोन करावा. ध्यान नंतर करता येते.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला थेट जावे का?

आधी महिना-दोन महिने घरी रोज बसावे आणि मग जावे, असे मी सुचवीन. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या या शिबिरांत पहाटे चारला उठवतात, दिवसाला सुमारे दहा तास बसावे लागते, बोलणे पूर्ण बंद असते आणि फोन जमा केला जातो. पहिले तीन दिवस केवळ श्वासावर जातात. निवास, भोजन आणि शिकवणी यांचे शुल्क नसते. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल तो दान देतो. आपल्या भागाला हातकणंगले तालुक्यातल्या आळते येथील केंद्र सोयीचे पडते. दहा मिनिटांची सवय नसताना दहा तासांत उडी घेतली तर तिसऱ्या दिवशी पिशवी भरावीशी वाटते.

गुरू लागतोच का? मोबाईलवरच्या ॲपने चालेल का?

शांततेपुरत्या सरावाला दीक्षा लागत नाही. जाणकार माणसाने दोन-चार वेळा समोर बसून चुका दाखवल्या तरी पुष्कळ होते. ॲप सुरुवातीला उपयोगी पडते, परंतु सूचना ऐकल्याशिवाय बसताच येत नाही अशी सवय लागण्याआधी आठवड्यातून दोन दिवस त्याशिवाय बसावे. तीन दिवसांत कुंडलिनी जागृत करून देणारे, साखरेचा आजार मुळापासून घालवणारे आणि 'आतली' दीक्षा वेगळ्या रकमेला देणारे यांच्यापासून लांब राहावे. जो शिक्षक औषध बंद करायला सांगतो किंवा घरच्यांपासून गोष्टी लपवायला सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

मुलांना परीक्षेआधी बसवावे का?

बसवू नये, बोलवावे. जबरदस्तीने डोळे मिटून बसलेला मुलगा फक्त गजराची वाट पाहतो. पीयूसी आणि सीईटीच्या मुलांना अभ्यासाच्या दोन बैठकांमध्ये पाच मिनिटांचा चार-सहाचा श्वास पुरतो, आणि प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर वाचण्याआधी असे तीन श्वास घ्यायला शिकवावे. लहान मुलांना पोटावर हलकी बाहुली ठेवून ती वर-खाली होताना पाहायला सांगितले की खेळातच काम होते.

मध्येच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?

खंड सगळ्यांचाच पडतो. पाऊस लागला की खानापूरकडचे आमचे साधक भाताच्या रोपलागवडीला जातात आणि महिनाभर वर्गात दिसत नाहीत. सणासुदीत निम्मा वर्ग रिकामा असतो. परत आल्यावर झालेल्या दिवसांची भरपाई म्हणून जास्त वेळ बसू नये. पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहावर यावे आणि मोजणी नेहमीसारखी एकपासून सुरू करावी.